गरिबी मोजणारा सातारचा माणूस : वि. म. दांडेकर

पिवळं रेशनकार्ड, केशरी रेशनकार्ड, दारिद्र्यरेषेचा दाखला. आपल्या मोहल्ल्यात हे शब्द लहान पोरालाही पाठ असतात. शिष्यवृत्तीचा फॉर्म असो की दवाखान्याची योजना, पहिला प्रश्न तोच असतो, रेषेच्या खाली की वर? पण या देशातली गरिबी आकड्यांत कोणी मांडली, हे विचारलं तर आपल्यापैकी फार थोड्यांना सांगता येईल. त्यातलं एक मोठं नाव आपल्याच साताऱ्याचं आहे.

विनायक महादेव दांडेकर यांचा जन्म 6 जुलै 1920 रोजी साताऱ्यात झाला. ते मूळचे संख्याशास्त्राचे. 1945 च्या सुमारास ते पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत आले. तिथे धनंजयराव गाडगीळ यांच्या हाताखाली त्यांचं काम सुरू झालं आणि 1966 मध्ये गाडगीळांनंतर संस्थेची धुरा त्यांच्याकडे आली. त्यांची पद्धत साधी पण कष्टाची होती. आधी गावात जायचं, घराघरांतून माहिती गोळा करायची, मग बोलायचं. कुमुदिनी दांडेकर यांच्यासोबत त्यांनी पुणे जिल्ह्यातल्या जन्म-मृत्यूंची पाहणी केली.

पुढे कूळकायद्याची पाहणी आली. कसेल त्याची जमीन, असा त्या काळी बोलबाला होता. 1957 मध्ये दांडेकर आणि खुदनपूर यांचा अहवाल निघाला, त्यातून वेगळंच चित्र समोर आलं. कागदावर कुळाला संरक्षण होतं, पण अनेक ठिकाणी कुळांनी आपणहून जमीन सोडल्याची नोंद झाली होती. गरीब माणूस आपणहून जमीन कशाला सोडेल? कायदा झाला म्हणजे हक्क मिळाला असं नसतं, हे त्या पाहणीने दाखवून दिलं.

त्यांचं सगळ्यात गाजलेलं काम 1971 चं. नीलकंठ रथ यांच्यासोबत त्यांनी भारतातील दारिद्र्यावर अभ्यास प्रसिद्ध केला. हिशेब असा होता : माणसाला दिवसाला सरासरी 2250 कॅलरी मिळतील एवढं अन्न ज्या खर्चात बसतं, तो किमान खर्च. 1960-61 च्या भावाने तो खेड्यात माणशी महिना 15 रुपये आणि शहरात साडेबावीस रुपये निघाला. त्याच्याही खाली खेड्यातले सुमारे 40 टक्के आणि शहरातले सुमारे 50 टक्के लोक होते. देशाचं उत्पन्न वाढत होतं, पण वाढीचा वाटा तळापर्यंत पोचत नव्हता. या पद्धतीवर तज्ज्ञांमध्ये बरेच वाद झाले. तरीही गरिबी हा नुसता दयेचा नाही, मोजण्याचा आणि जाब विचारण्याचा विषय झाला.

उपाय काय? खेड्यातल्या गरिबाला सरकारने कामाची हमी द्यावी, असं दांडेकर आणि रथ यांनी मांडलं. आणि योगायोग बघा, अशा कामाचा प्रयोग सांगली जिल्ह्यात तासगाव तालुक्यात 1965 च्या सुमारास वि. स. पागे यांच्या पुढाकाराने आधीच झाला होता. 1972 च्या दुष्काळात खडी फोडायला, बंधारे बांधायला गेलेल्या आया-बहिणींच्या आठवणी माण-खटाव, जत, आटपाडीच्या घरांत अजून आहेत. 1977 मध्ये महाराष्ट्राने रोजगार हमीचा कायदा केला आणि 2005 मध्ये देशभरासाठी कायदा झाला.

पीकविम्यातही दांडेकरांचा हात आहे. एकेका शेतकऱ्याचं नुकसान तपासत बसण्याऐवजी एका भागाचं सरासरी उत्पादन धरून भरपाई द्यावी, ही त्यांची सूचना. आजही बहुतेक पीकविमा मंडळाच्या सरासरीवर चालतो. 1983 मध्ये राज्य सरकारने प्रादेशिक असमतोलाची समिती त्यांच्याकडे दिली. रस्ते, सिंचन, शिक्षण, आरोग्य, प्रत्येक बाबतीत कोणता जिल्हा राज्याच्या सरासरीपेक्षा किती मागे आहे, याचा हिशेब त्यांनी लावला. 3186 कोटी रुपयांचा अनुशेष निघाला. 'अनुशेष' हा शब्द त्यानंतर राजकारणात घराघरांत पोचला. अर्थात सरासरीची एक अडचण आहेच. कृष्णाकाठचा ऊस आणि माणचा कोरडा माळ एकाच जिल्ह्याच्या सरासरीत बसतात आणि माळाचं दुखणं झाकलं जातं.

नेमकं इथेच हे चरित्र आपल्याशी येऊन भिडतं. बागवान, तांबोळी, मुलाणी, शिकलगार, अत्तार, सगळ्यांची घरं शहराच्या सरासरीत विरघळून जातात. 2006 मध्ये सच्चर समितीने देशाचे आणि 2013 मध्ये मेहमूदुर रहमान समितीने महाराष्ट्राचे आकडे मांडले, तेव्हा कुठे आपली तालीम, नोकरी आणि कर्ज यांतलं मागासलेपण सरकारी कागदावर आलं. त्याआधी आपण फक्त तक्रार करत होतो. तक्रारीचं उत्तर टाळता येतं, आकड्याचं टाळणं अवघड जातं. आकडे येऊनही पुढे काय झालं, हा प्रश्न उरतोच. पण तो विचारायलाही हातात आकडा लागतो.

आम्ही वर्गात बघतो, आपली मुलं गणिताला घाबरतात आणि मुलींना तर दहावीनंतर तो विषयच सोडायला लावतात. जकातीचा हिशेब मात्र याच घरांत पैशापैशाने बरोबर होतो. म्हणजे हिशेबाची अक्कल आपल्यात आहे, तिला शाळेत वाट मिळत नाही. संख्याशास्त्र, अर्थशास्त्र शिकून आपल्याच वस्तीची पाहणी करणारी दोन-चार मुलं-मुली प्रत्येक तालुक्यात निघाली पाहिजेत. आणि जनगणनेचा माणूस दारात आला तर त्याला घाईघाईत परत पाठवू नका. बसवा, पाणी द्या, खरी माहिती द्या.

30 जुलै 1995 रोजी दांडेकरांचं निधन झालं. त्यांनी माणसांची गणती धर्माने केली नाही, ताटातल्या अन्नाने केली. आपली ताटंही त्या हिशेबात नीट धरली जावीत, एवढं बघणं आता आपल्या हातात आहे.