केरीसाहेब आणि श्रीरामपुरी कागद

विल्यम केरीसाहेबांनी १८०५ साली मराठीचे व्याकरण व १८१० साली मोडी अक्षरांत कोश छापिला, हे आमच्या वाचकांपैकी पुष्कळांस ठाऊक आहे. या कामी वैजनाथ पंडितांचे त्यांस साह्य होते. परंतु कागदाने साहेबांस किती गांजिले, हे परभणीकडे थोड्यांसच माहीत असेल.

ते १७६१ साली इंग्लंडात जन्मले, तरुणपणी जोडे शिवीत, १७९३ साली बंगालात आले व १८०० पासून श्रीरामपुरास राहिले. (हे हुगळीकाठचे; नगराकडील नव्हे.) तिकडील देशी कागदास तांदळाची खळ असे, आणि कसरीस ती फार प्रिय. ग्रंथाचे शेवटले पान छापून होण्यापूर्वीच पहिली पाने खाल्लेली सापडत! आमच्या दौलताबादेजवळील कागजीपुऱ्याप्रमाणे तेथेही हातकागद होई, पण छापखान्यास टिकाऊ कागद हवा होता. म्हणून त्यांनी व सोबत्यांनी स्वतःचा कारखाना घातला. ११ मार्च १८१२ रोजी छापखाना जळाला. कागद, खिळे, वर्षानुवर्षांची हस्तलिखिते गेली. काम पुनः उभे राहिले.

कारखान्यात चाळीस मजूर पाळीपाळीने पायचक्र तुडवून लगदा करीत. त्यात अपघात होऊन एक मजूर मेला. कागद पवित्र शास्त्राचा असला, तरी त्यापायी माणसाचा जीव जावा हे आम्हांस फार लागते. साहेबांसही लागले असावे, कारण त्यानंतर त्यांनी वाफेच्या यंत्राचा शोध चालविला. १८२० साली बारा अश्वशक्तीचे यंत्र विलायतेहून आले व पायचक्र थांबले.

केरी ९ जून १८३४ रोजी वारले. श्रीरामपुरी कागद त्यांच्या मागेही बंगालात खपत राहिला.