स्वस्त विजेचा आग्रह धरणारे डॉ. आंबेडकर

कोलकाता : राज्यघटनेचे शिल्पकार डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचा देशाच्या वीज धोरणाच्या जडणघडणीतील वाटा तुलनेने अपरिचित राहिला आहे. १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेले बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर सदस्य होते. पाटबंधारे व वीज हे विषयही त्यांच्याच खात्याकडे होते.

विजेची मालकी खासगी असावी की सरकारी, आणि खासगी असल्यास लोकहितासाठी कोणती बंधने घालावीत, हे प्रश्न त्यांनी ऑक्टोबर १९४३ मध्ये वीजविषयक धोरण समितीपुढे मांडले. मुबलक व स्वस्त विजेवाचून उद्योग वाढणार नाहीत आणि दारिद्र्यही हटणार नाही, अशी त्यांची धारणा होती.

त्याच वर्षी दामोदर नदीच्या महापुराने कोलकात्याची रेल्वे वाहतूक विस्कळीत केली. ३ जानेवारी १९४५ रोजी कोलकात्यात झालेल्या केंद्र, बंगाल व बिहारच्या परिषदेचे अध्यक्षस्थान बाबासाहेबांनी भूषविले. पूरनियंत्रणासोबत सिंचन, जलवाहतूक व वीजनिर्मितीचाही विचार व्हावा, असा त्यांचा आग्रह होता. त्यातूनच अमेरिकेतील टेनेसी खोऱ्याच्या धर्तीवर ७ जुलै १९४८ रोजी दामोदर खोरे महामंडळ स्थापन झाले. त्याचे मुख्यालय कोलकात्यात आहे.

६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. पुढे देशात ग्रामीण वीज सहकारी संस्था उभ्या राहिल्या. प्रारंभीच्या संस्थांत अहमदनगर जिल्ह्यातील मुळा-प्रवरा संस्था होती. वीज कोणाच्या मालकीची व कोणाला परवडणारी, हा बाबासाहेबांचा प्रश्न त्यांच्यापुढेही कायम होता.