डॉ. आनंदीबाई जोशी

मनुष्याच्या आयुष्यात कधी कधी असा प्रसंग येतो, की त्याच्यापुढे दोन वाटा एकदम उभ्या राहतात. दोन्ही एकाच मुक्कामाला जाणाऱ्या असतात. परंतु चालावयाचे तर एकीचीच निवड करावी लागते. परीक्षांचे निकाल लागले, की वैद्यकी शिकू इच्छिणाऱ्या आपल्या मुलामुलींच्या घरी असाच खल सुरू होतो. विद्यालय कोणते घ्यावे, जवळचे की दूरचे, खर्च झेपेल काय, ह्या प्रश्नांनी आईबापांची झोप उडते. असा प्रश्न सुमारे दीडशे वर्षांपूर्वी एका महाराष्ट्रीय मुलीपुढे उभा राहिला होता. तिची हकीकत वाचकांस बोधप्रद वाटेल.

आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ रोजी कल्याणच्या जोशी घराण्यात झाला. माहेरचे नाव यमुना. नवव्या वर्षी त्यांचे लग्न संगमनेरच्या गोपाळराव जोशी यांच्याशी झाले. गोपाळराव पोस्टात कारकून होते आणि पत्नीपेक्षा सुमारे वीस वर्षांनी मोठे होते. बायकोने शिकलेच पाहिजे, असा त्यांचा हट्ट होता, आणि ह्या हट्टाला पुष्कळदा कठोरपणाची धार असे. चौदाव्या वर्षी आनंदीबाईंस मुलगा झाला. तो अवघे दहा दिवस जगला. योग्य औषधोपचार मिळाला असता, तर मूल वाचले असते, हे शल्य त्या कोवळ्या आईच्या मनात कायमचे राहिले. आपण वैद्यकी शिकावी, ह्या विचाराचे मूळ त्या दुःखात आहे.

१८७८ साली गोपाळरावांनी पूर्वी कोल्हापुरास असलेले मिशनरी रेव्हरंड वाइल्डर यांस पत्र लिहून पत्नीच्या शिक्षणासाठी साहाय्य मागितले. वाइल्डर अमेरिकेत एक मासिक चालवीत. त्यात हा पत्रव्यवहार छापला गेला. न्यूजर्सी प्रांतातील रोझेल गावच्या कार्पेंटरबाई एकदा दंतवैद्याकडे खोळंबून बसल्या असता तो अंक त्यांच्या हाती पडला. ओळख ना पाळख. तरी ह्या परक्या मुलीस आपण आसरा द्यावा, असे त्यांच्या मनाने घेतले. मग दोघींचा पत्रव्यवहार सुरू झाला आणि वाढता वाढता मावशी-भाचीच्या नात्यापर्यंत जाऊन पोहोचला.

तथापि अमेरिकाच का? मद्रासच्या वैद्यकीय महाविद्यालयात १८७५ पासून स्त्रियांस प्रवेश मिळत होता. ते आपल्याच देशात, समुद्र न ओलांडता गाठता येण्याजोगे. तेथे गेल्यास जातीचा बहिष्कार नाही, की परमुलखाची थंडी नाही. लोक हाच प्रश्न विचारीत. त्याचे उत्तर आनंदीबाईंनी २४ फेब्रुवारी १८८३ रोजी बंगालमधील सेरामपूर कॉलेजच्या दिवाणखान्यात भरलेल्या सभेत दिले. तेव्हा त्यांस अठरा वर्षेही पुरी झाली नव्हती. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा, की मद्रास सोडल्यास इतर इलाख्यांत स्त्रियांसाठी सुइणीच्या शिक्षणापलीकडे सोय नाही. शिकविणारे पुरुष जुन्या वळणाचे आहेत आणि त्यांच्या मनात असूयाही आहे. रस्त्याने एकटी चाललेली शिकणारी बाई दिसली, की लोक किती छळतात, ह्याचा अनुभवही त्यांनी मोकळेपणे सांगितला. आपण हिंदू म्हणून जाऊ आणि हिंदू म्हणूनच परत येऊ, असे त्यांनी निक्षून सांगितले.

फिलाडेल्फियाचे विद्यालय केवळ स्त्रियांसाठी १८५० साली स्थापन झालेले. तेथे स्त्रीने शिकणे हा नवलाचा विषय नव्हता. नावलौकिकापेक्षा हीच गोष्ट आनंदीबाईंस मोलाची वाटली असावी. गोपाळरावांस पाठीमागे राहणे भाग होते. सोन्याच्या बांगड्या विकून प्रवासखर्चाची तजवीज झाली. एप्रिल १८८३ मध्ये त्या कलकत्त्याहून निघाल्या आणि ४ जून रोजी न्यूयॉर्कला पोहोचल्या. विद्यालयाच्या प्रमुख डॉ. रेचल बॉडली यांनी त्यांस प्रवेश दिला.

ह्या निवडीची किंमत मात्र जबर होती. शाकाहार आणि साडी त्यांनी सोडली नाही. परंतु तेथील थंडीने व अपुऱ्या अन्नाने प्रकृती खालावली. तशातही त्यांनी प्राचीन हिंदूंच्या प्रसूतिशास्त्रावर प्रबंध लिहिला आणि ११ मार्च १८८६ रोजी पदवी मिळविली. त्या समारंभास पंडिता रमाबाई हजर होत्या. कोल्हापूर संस्थानाने आल्बर्ट एडवर्ड इस्पितळातील स्त्रियांच्या विभागाची जागा त्यांस देऊ केली. ती स्वीकारून त्या १८८६ च्या नोव्हेंबरात मुंबईस उतरल्या. परंतु क्षयाने तोवर शरीर पोखरले होते. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यास त्यांचा अंत झाला. एकाही दिवसाची नोकरी त्यांच्या हातून घडली नाही. त्यांची रक्षा कार्पेंटरबाईंकडे पाठविण्यात आली आणि न्यूयॉर्क प्रांतातील पोकीप्सी येथे त्या कुटुंबाच्या स्मशानभूमीत ती पुरण्यात आली.

मग निवड चुकली काय? मद्रासला गेल्या असत्या, तर कदाचित अधिक जगल्या असत्या, असे मनात येते. परंतु ते कोणास ठाऊक! आपणांस एवढेच निश्चित सांगता येते, की त्यांनी निवड डोळे उघडे ठेवून केली, तिची कारणे चारचौघांत सांगितली, आणि शेवटपर्यंत कोणास दोष दिला नाही. त्यांच्यामागे मराठी घरांतून मुली वैद्यकीकडे वळल्या, हे त्यांच्या अल्प आयुष्याचे फळ होय.

त्या काळी आपले शहर निजामाच्या राज्यात होते आणि येथील मुलीस वैद्यकीचे नावही दुर्मिळ होते. पुढे १९५६ साली येथे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय निघाले, आणि घाटीच्या इस्पितळात आज मुली पांढरा कोट घालून सहज वावरताना दिसतात. विद्यार्थीमित्रहो, दोन विद्यालयांतून एक निवडण्याची पाळी आली, तर आधी विचारावे, की कोणाची सेवा करण्यासाठी हे शिकावयाचे, आणि तेथे निर्भयपणे शिकता येईल काय. आणि पालकांनीही एक ध्यानात ठेवावे : मुलाच्या प्रकृतीची काळजी ही त्या निवडीचाच एक भाग आहे. आनंदीबाईंच्या चरित्रातून ह्या दोन्ही गोष्टी शिकावयाच्या आहेत.