नौदलानं रिटायर केलं आणि सातच महिन्यांत परत बोलावलं, कारण कॉम्प्युटरची परीक्षा घ्यायची होती

आज एखादी वेबसाइट सुरू होण्याआधी टेस्टर मंडळी पायथनमध्ये सेलेनियम वापरून छोटी स्क्रिप्ट लिहितात. ती स्क्रिप्ट स्वतःच ब्राउझर उघडते, नाव-पासवर्ड भरते, बटण दाबते आणि पुढं बरोबर पान आलं का ते तपासते. क्रोम असो की फायरफॉक्स, पेपर सगळ्यांना एकच.

सेलेनियम आलं 2004 मध्ये. पण सगळ्यांना एकच पेपर द्यायचा आणि तो मशीनकडूनच तपासून घ्यायचा, हे काम अमेरिकेच्या नौदलातल्या एका बाईंनी त्याच्या कितीतरी आधी करून दाखवलं होतं.

त्यांचं नाव ग्रेस हॉपर.

9 डिसेंबर 1906 ला न्यूयॉर्कमध्ये त्यांचा जन्म झाला. लहानपणी घड्याळ कसं चालतं हे बघायला त्यांनी घरातली सात गजराची घड्याळं खोलून ठेवली होती. पुढं त्या व्हॅसर कॉलेजमध्ये शिकवायच्या आणि 1934 मध्ये त्यांनी येल विद्यापीठातून गणितात पीएचडी केली.

दुसरं महायुद्ध सुरू झालं तेव्हा त्यांना नौदलात जायचं होतं. पण वय जास्त आणि वजन कमी. तरी खास परवानगी मिळवून त्या भरती झाल्या. 1944 मध्ये त्यांची नेमणूक झाली हार्वर्डमध्ये, मार्क वन नावाच्या पन्नास फुटांहून लांब कॉम्प्युटरवर.

हॉपर म्हटलं की लोकांना आठवतो तो किडा. 9 सप्टेंबर 1947 ला मार्क टू मशीनच्या एका रिलेत पतंग अडकलेला सापडला आणि तो नोंदवहीत चिकटवून ठेवला गेला. खरं तर तो हॉपर यांनी शोधला नव्हता आणि बिघाडाला बग म्हणायची पद्धतही जुनीच होती. त्यांनी फक्त हा किस्सा जगभर पोहोचवला.

त्यांचं खरं काम वेगळं होतं. 1952 मध्ये त्यांनी ए-झिरो हा सुरुवातीचा कंपायलर बनवला. त्यांच्या फ्लो-मॅटिक भाषेच्या पायावर 1959 पासून कोबोल उभी राहिली. एकदा लिहिलेला प्रोग्रॅम कुठल्याही कंपनीच्या कॉम्प्युटरवर चालावा, हा कोबोलचा हेतू.

पण झालं उलटंच. प्रत्येक कंपनीनं कंपायलर आपल्या पद्धतीनं बनवला. एका मशीनवर चालणारा प्रोग्रॅम दुसरीवर अडायचा. नौदलाकडं तर वेगवेगळ्या कंपन्यांची मशीन्स होती.

1966 च्या शेवटी नौदलानं हॉपर यांना वयामुळं निवृत्त केलं. ऑगस्ट 1967 मध्ये हा गोंधळ निस्तरायला त्यांनाच परत बोलावलं. मुदत होती सहा महिन्यांची.

हॉपर यांच्या टीमनं कोबोलमध्येच चाचणीचे प्रोग्रॅम लिहिले. ते कंपायलरवर चालवायचे. भाषेचा एकेक नियम वापरून उत्तर काढलं जायचं, अपेक्षित उत्तराशी ताडलं जायचं आणि पास की नापास हे छापून यायचं. आमचा कंपायलर नियमाप्रमाणंच आहे, असं नुसतं सांगून आता कंपनीची सुटका नव्हती. पुढं ही चाचणी नौदलापुरती राहिली नाही. 1980 च्या दशकात ती अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेकडं गेली.

सहा महिन्यांसाठी आलेल्या हॉपर, मधला थोडा काळ सोडला तर, 1986 पर्यंत नौदलातच राहिल्या. रिअर ॲडमिरल म्हणून निवृत्त झाल्या तेव्हा त्या 79 वर्षांच्या होत्या. 1 जानेवारी 1992 ला त्यांचं निधन झालं. 2016 मध्ये त्यांना मरणोत्तर प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम देण्यात आलं.

आजच्या टेस्ट स्क्रिप्टही तेच करतात. अपेक्षित काय ते आधी लिहायचं, मशीनला चालवायला लावायचं आणि निकाल बघायचा. हॉपर यांच्या वेळी परीक्षेला कंपायलर बसायचा, आता वेबसाइट बसते.