समाजाने दोषी ठरवलेल्या बाईला माफी आहे का? पंडिता रमाबाईंनी शोधलेलं उत्तर

पुण्याहून सोलापूरच्या गाडीत बसलात की दौंडच्या अलीकडे केडगाव लागतं. पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन याच गावात आहे. पण ही 'मुक्ती' नेमकी कशापासून?

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांच्यामुळे घरातल्या बायकाही संस्कृत शिकल्या. दुष्काळात आईवडील गेले, पाठोपाठ बहीणही. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना 'सरस्वती' ही पदवी दिली. पण धर्मशास्त्रं वाचताना त्यांना एक गोष्ट खटकली. तिथे बाईला मोक्ष होता, पण नवऱ्याच्या सेवेतूनच. १८८२ मध्ये रमाबाई स्वतःच विधवा झाल्या.

पुढच्या वर्षी त्या इंग्लंडला गेल्या. लंडनच्या फुलहॅम भागात त्यांनी पाहिलं की, समाजाने 'पतित' ठरवलेल्या बायकांना नन्स मायेने सांभाळतायत. असं का, हे विचारल्यावर त्यांना येशू आणि शोमरोनी स्त्रीची गोष्ट कळली. २९ सप्टेंबर १८८३ ला त्यांनी लेक मनोरमासह बाप्तिस्मा घेतला.

गोष्ट इथे संपत नाही. ख्रिस्ती श्रद्धेनुसार देवाच्या न्यायासमोर प्रत्येक माणूस पापी आहे. तारण पुण्याईने कमावता येत नाही. पश्चात्ताप करून ख्रिस्तावर विश्वास ठेवणाऱ्याला ते कृपेने मिळतं. रमाबाईंना हे मनापासून पटलं १८९१ च्या सुमारास. तोवर आपल्याला धर्म मिळाला होता, ख्रिस्त नाही, अशी कबुली त्यांनीच पुढे दिली.

याची किंमतही मोजावी लागली. १८९३ मध्ये धर्मांतराच्या आरोपांवरून पुण्यातलं त्यांचं शारदा सदन वादात सापडलं. रानडे, भांडारकर यांच्यासारखे पाठीराखे बाजूला झाले. अनेक पालकांनी मुली काढून नेल्या.

रमाबाई थांबल्या नाहीत. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून उपाशी मुलींना आणून त्यांनी केडगावला आसरा दिला. १९०० पर्यंत तिथे दीड हजारांच्या आसपास बायका-मुली राहत होत्या. १९०५ मध्ये प्रार्थनेला बसलेल्या मुली रडत रडत आपली पापं कबूल करू लागल्या. ख्रिस्ती जगात ही घटना 'मुक्तीतलं पुनरुज्जीवन' म्हणून ओळखली जाते.

साध्या मराठीतलं बायबलचं भाषांतर हातावेगळं करून ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या. फुलहॅममध्ये जे पाहिलं, ते त्यांनी केडगावातही उभं केलं होतं. 'वाईट चालीची' म्हणून घराने दार लावलेल्या बायकांसाठी तिथे वेगळं घर होतं. त्याचं नाव, कृपासदन.