हाफकिन : आधी स्वतःला लस टोचणारा संशोधक

परळच्या हाफकिन संस्थेचे नाव आपण सगळेच ऐकतो, माणूस मात्र फारसा कुणाला माहीत नसतो. वाल्देमार हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी ओडेसात एका ज्यू कुटुंबात झाला. मेचनिकोव्ह यांच्या हाताखाली ते प्राणिशास्त्र शिकले. हुशारी होती, पण ज्यू माणसाला प्राध्यापकाची खुर्ची मिळणार नव्हती. त्यासाठी धर्म बदलायला त्यांनी नकार दिला. जन्मावरून दार बंद होणे म्हणजे काय, हे आपल्या समाजाला वेगळे सांगायला नको. पुढे पॅरिसच्या पाश्चर संस्थेत ते ग्रंथालयात कामाला लागले आणि तिथेच १८९२ मध्ये त्यांनी कॉलऱ्याची लस तयार केली. १८९३ मध्ये ते भारतात आले.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगास यांनी प्लेग ओळखला. ऑक्टोबरमध्ये हाफकिन ग्रँट मेडिकल कॉलेजात दाखल झाले. प्रयोगशाळा म्हणून मिळाली एक खोली आणि व्हरांडा, मदतीला एक कारकून आणि तीन शिपाई. एवढ्यावर लस तयार झाली. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती आधी स्वतःला टोचून घेतली. नंतर भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला, तेव्हा तयार झालेल्या कैद्यांना ती दिली गेली. कैद्याचा होकार किती मोकळा असतो, हा प्रश्न मला आजही टोचतो. बरोबर दोन महिन्यांनी, १० मार्चला, पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीमाई गेल्या.

१९०२ मध्ये पंजाबातल्या मुल्कोवाल गावी लस घेतलेल्यांपैकी १९ जण धनुर्वाताने दगावले. ठपका हाफकिन यांच्यावर आला आणि पद गेले. दगावलेले सगळे एकाच बाटलीतून लस घेतलेले होते. ती उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला. ही नोंद असूनही दोषमुक्त व्हायला १९०७ साल उजाडले. मोठ्या साहेबांच्या अहवालात खालच्या माणसाची नोंद कशी बुडते, हे आम्ही वस्तीत काम करणारे रोज पाहतो.

२०२२ मध्ये भिवंडीत गोवराची साथ आली, तेव्हा यंत्रमागांच्या वस्त्यांत आम्ही घरोघर फिरत होतो. एका आईने मला सरळ विचारले, तुमच्या पोराला दिली का? दिली होती, म्हणून मोबाइलमधले कार्ड दाखवता आले. मग तिने मुलाला पुढे केले.

परळच्या प्रयोगशाळेला १९२५ मध्ये हाफकिन यांचे नाव देण्यात आले. भारत त्यांनी त्याआधीच सोडला होता. २६ ऑक्टोबर १९३० रोजी लोझान येथे त्यांचे निधन झाले.