कुळांचे कैवारी : नारायण नागू पाटील

पेणहून रोह्याकडे जाणाऱ्या आगगाडीतला प्रवासी कासू, नागोठणे, निडी ही स्थानके मागे टाकीत जातो, तेव्हा वाटेत ठिकठिकाणी भाताची खाचरे त्याच्या दृष्टीस पडतात. ही जमीन कोणाची, असे विचारल्यास आज सातबाऱ्याचा उतारा उत्तर देतो. शंभर वर्षांपूर्वी मात्र हे उत्तर चिखल तुडविणाऱ्याच्या बाजूचे नव्हते. ते त्याच्या बाजूचे व्हावे म्हणून ज्यांनी आयुष्य वेचले, त्या नारायण नागू पाटील यांचे स्मरण करणे आम्हांस अगत्याचे वाटते. कारण शेतकऱ्यांचे रक्षण करणारा कायदा कसा जन्मास येतो, हे त्यांच्या चरित्रात स्वच्छ दिसते.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात जन्मलेले पाटील आगरी समाजातून पुढे आले. त्या वेळच्या कुलाबा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या रायगडात, खोतीचा अंमल होता. खोताने सरकारास ठरलेला सारा भरावा आणि कुळांकडून खंड वसूल करावा, अशी ही रीत. खारेपाटात समुद्राचे पाणी अडविणारे बांध कुळाने राखावेत, पीक कुळाने काढावे, आणि धान्याचा मोठा वाटा मात्र दुसऱ्याच्या कोठारात जावा! वर वेठ होतीच. पावसाळ्यात पोटासाठी उचललेले धान्य सुगीत वाढीदिढीने फेडावे लागे. पिढ्यानपिढ्या जमीन कसूनही कुळापाशी हक्काचा कागद नसे. मालकाची मर्जी फिरली की कूळ उघड्यावर पडे.

पाटील यांनी प्रथम सभेचा व ठरावाचा मार्ग धरला. भाई अनंत चित्रे यांच्या साह्याने त्यांनी शेतकऱ्यांची संघटना उभारली आणि 1930 च्या डिसेंबरात पेण तालुक्यात जिल्ह्यातील शेतकऱ्यांची परिषद भरविली. सरकारने त्यांच्यावर भाषणबंदी घातली. तथापि तोंड बंद केल्याने पोटातील आग विझत नाही. 27 ऑक्टोबर 1933 रोजी अलिबाग तालुक्यातील चरी गावी सभा भरली आणि मालकाची जमीन कसावयाची नाही, असा निश्चय झाला. पंचवीस गावांनी हा संप 1939 पर्यंत चालविला. सहा वर्षे! ज्याचे अन्न शेतातून येते, त्याने आपल्याच हाताने शेत पडीक ठेवावे यासारखा कठीण सत्याग्रह नाही. मोलमजुरीवर दिवस काढीत, उपास सोसीत ही कुटुंबे टिकली. त्यांची बाजू मांडण्यासाठी 1937 मध्ये पाटील यांनी कृषीवल हे पत्र सुरू केले.

ही गाऱ्हाणी विधिमंडळात पोहोचविण्याचे काम डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी केले. 17 सप्टेंबर 1937 रोजी त्यांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. खोतास वाजवी भरपाई द्यावी, पण कसणाऱ्यास जमिनीचा हक्क मिळावा, असा त्याचा न्याय्य आशय होता. 1938 च्या जानेवारीत हजारो शेतकरी त्यासाठी मुंबईत विधिमंडळावर चालून गेले. ते विधेयक मंजूर झाले नाही. परंतु प्रश्न आता गावापुरता उरला नव्हता. महसूलमंत्री मोरारजी देसाई यांना चरीस यावे लागले. 1939 मध्ये मुंबई प्रांताचा कूळकायदा झाला आणि संरक्षित कूळ ही संज्ञा कायद्याच्या भाषेत आली.

पुढची पावले या पायावर पडली. 1948 च्या कूळकायद्याने खंडावर मर्यादा घातली. जिराईत जमिनीस ती पिकाच्या एकतृतीयांशाची होती. 1949 मध्ये खोती नष्ट करणारा कायदा झाला. पुढे 1 एप्रिल 1957 हा कृषकदिन ठरून कूळ जमिनीचे मालक झाले.

व्यापारी वाचकांस वाटेल की, यात पेठेचा काय संबंध? आमचे उत्तर असे की, ज्या कुणब्याच्या घरी सुगीनंतर चार दाणे उरतात, तोच बाजारात कापड, भांडी आणि लोखंड घेतो. शिवाय मालकीचे मोल 21 सप्टेंबर 2008 रोजी पेण तालुक्यात दिसले. विशेष आर्थिक क्षेत्रासाठी जमीन द्यावी की नाही, याविषयी बावीस गावांच्या शेतकऱ्यांचे मत घेण्यात आले आणि फार मोठ्या बहुमताने नकार मिळाला. तो प्रकल्प तेथे उभा राहिला नाही. यांच्या आजोबांना कोणी मत विचारले असते काय?

एक उणीव मात्र आम्ही झाकून ठेवू इच्छीत नाही. आजही अनेक आदिवासी कुटुंबे तोंडी बोलीवर दुसऱ्याची जमीन कसतात, आणि लावणीच्या चिखलात दिवसभर वाकणाऱ्या स्त्रीचे नाव उताऱ्यावर बहुधा नसते. कायदा ज्याचे नाव कागदावर आहे त्यालाच ओळखतो. म्हणून पाटील यांचे खरे स्मारक पुतळ्यात नाही. ते तलाठ्याच्या दप्तरात आहे. तेथे अजून कित्येक नावे लिहावयाची राहिली आहेत.